बुटकी पास

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय बुटके,

कशी आहेस? चष्म्याचं दुकान जोरात ना? नवरोबा अजून घोरतात का? इकडे सगळे मजेत. आई न विचारता ताटात वाढते आणि वर म्हणते, "जाड झालीस." सुट्टीवर आलेय, आहे थोडे दिवस.

परवा कॉलेजात माझा सत्कार झाला. हसू नकोस! माझी सात नंबरची जर्सी काचेच्या चौकटीत घालून जिमच्या भिंतीवर टांगली. यापुढे सात नंबर कुणालाच मिळणार नाही म्हणे. प्राचार्यांनी माझे सगळे विक्रम वाचून दाखवले, एका मोसमात सर्वाधिक गुण, वगैरे वगैरे, आणि शेवटी मला, जन्मभर बास्केटबॉल खेळलेल्या बाईला, 'व्हॉलीबॉलची शान' म्हणाले. पहिल्या रांगेत आपले कोच सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

खरी गंमत पुढेच आहे. नंतर मुलींचा सराव होता, तो बघत बसले. एक किडकिडीत पोरगी बॉल घेऊन धावत आली. मान डावीकडे, डोळे डावीकडे आणि बॉल पाठीमागून टप्पा देऊन उजवीकडे! टाकताना ओरडली, "बुटकी!"

मी ताडकन उभीच राहिले.

"काय म्हणालीस?"

"बुटकी पास, मॅडम. सीनियर्सनी शिकवलाय."

"पण बुटकी कोण?"

"कोण म्हणजे? नाव आहे पासचं. जमिनीलगत जातो ना, म्हणून."

अगं, तू पास झालीस! माझ्या जर्सीखालून त्या पोरी येतात-जातात, वर बघतसुद्धा नाहीत. एकीनं तर मला विचारलं, "नव्या लायब्ररियन का तुम्ही?" क्षणभर तुझा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मग पोट धरून हसले. बॉल यायचा तुझ्या हातून आणि पेपरात फोटो यायचा माझा. भिंतीवर मी टांगलेली, आणि खेळतेयस अजून तू!

त्यांना सांगितलं, बुटकी ही चालतीबोलती बाई आहे. उंची कमी म्हणून आधी तिला संघात घेतच नव्हते. आता ती चष्मे विकते. ती किडकिडीत पोरगी म्हणाली, "बघायचं एकीकडे आणि टाकायचं दुसरीकडे! अशा बाईकडून चष्मा घ्यायचा?"

सरांनी मला कँटीनमध्ये चहाला थांबवून घेतलं. कप पुढे सरकवत म्हणाले, "शिडे, ऐन मोसमात क्लबनं सुट्टी कशी दिली?"

त्यांच्यापुढे आपली थाप कधी पचली होती? तर आता तुलाही सांगते. सुट्टी-बिट्टी काही नाही. गुडघा पुन्हा गेला. गेला मोसम मी बहुतेक बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. क्लबनं करार वाढवला नाही. डॉक्टर म्हणाले, जिने चढा, उड्या विसरा. आईला सांगितलेलं नाही, पण तिला कळलं असणार. ती काही विचारत नाही, नुसती वाढत राहते.

सरांसमोर रडले गं, भरपूर. त्यांनी आधी रुमाल दिला, मग गळ्यातली शिट्टी काढून दिली. म्हणाले, "या महिन्यात मी निवृत्त होतोय. पोरी सांभाळ." मी शिट्टी तिथल्या तिथे वाजवून बघितली. कँटीनमधले सगळे दचकले.

काल पहिला सराव घेतला आणि पहिल्याच दिवशी पंचाईत. पोरी म्हणाल्या, "मॅडम, बुटकी पास नीट शिकवा ना, आमचा सारखा भिंतीवर जातो." मी ऐटीत टाकून दाखवला, तो सरांच्या पोटात बसला. पुन्हा टाकला, तो थेट खिडकीबाहेर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: इतकी वर्षं मी तो नुसता झेलला. टाकायचा कसा, ते मी तुला कधी विचारलंच नाही.

मंगळवारी दुकान बंद असतं ना? ये. पोरींसाठी ये, असं लिहिणार होते. पण नको, माझ्यासाठी ये.

बास्केटखाली हात पसरून उभी असलेली,
तुझीच शिडी