हातानं बघायची भिंत

फाल्गुन वद्य दशमी, शके १८५७

खांदे भरून आलेत, नखांत शेण आहे, पण माजघराची भिंत एकदाची झाली!

पाडवा तोंडावर आला. ओसरी, सैपाकघर, दारापुढचा ओटा — सगळं सारवून, पांढऱ्या मातीचा हात देऊन झालं होतं. राहिली होती ती माजघराची उगवतीकडची भिंत. दोन वर्षांत तिला कुणी हात लावलेला नाही. का, तर म्हणे राहिलं. राहिलं कसं? तीन भिंती लख्ख आणि चौथी तशीच! माझ्या माहेरी कुणी असं केलं असतं तर आईने हातात पोतेरं देऊन उभं केलं असतं.

आज आत्याबाई (सासूबाईंना इथे असंच म्हणतात) आणि हे ज्वारी काढायला रानात गेले. ह्यांची लेक सोनीही त्यांच्यासोबत. म्हटलं, हीच वेळ. माजघर म्हणजे भरदुपारी आपला हात आपल्याला दिसत नाही. ना खिडकी, ना छताला उजेडाचं सवणं. आणि तिथे चिमणी कोण लावतो, रात्रीसुद्धा ती चुलीपुरतीच, तेल का फुकट येतं? सारवायला डोळे कशाला, तळव्याला सगळं कळतं. भिंत नुसती उंचसखल, जागोजाग टेंगळं. मधेच काचेचे तुकडे बोटाला लागले. कुण्या अडाण्याने लिंपली होती कोण जाणे. मी खाचांत माती भरली, टेंगळांवर थर चढवले. खालच्या अंगाला एक मोठा उंचवटा होता, तिथे तर गुळगुळीत दगड घेऊन घासघासून सपाट केलं. आता भिंत कशी परातीसारखी!

संध्याकाळी कौतुक होईल असं वाटलं होतं. सगळे दमून आले, जेवले आणि निजले. उद्या बघतील.

फाल्गुन वद्य एकादशी

काहीतरी चुकलं आहे. काय ते कुणी सांगत नाही.

सकाळी सोनी माजघरात गेली ती बाहेर येईना. आठ वर्षांची पोर, अंधारात भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी. हाक मारली तर हलली नाही. जेवली नाही. रडलीही नाही. आत्याबाई आत गेल्या, भिंतीवरून हात फिरवला, "लिंपलं व्हय?" एवढंच म्हणाल्या. हे बैलांना पाणी दाखवायला म्हणून निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोनी माझ्याशी तशीही बोलत नाही. लग्न होऊन तीन महिने झाले, पण मला आई नाही की मावशी नाही, कशानेच हाक मारलेली नाही. काही हवं असलं तर भांड्याला सांगते — "पानी सरलं वाटतं." मी तिच्या आईच्या जागी आले, राग असणारच. तिची आई दुर्गाबाई. माझ्या मंगळसूत्राखाली तिचा चांदीचा टाक आहे. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीला गळ्यात बाळगायचं, तशी रीतच आहे. सोनाराने टाकावर तोंडाच्या जागी दोन टिंबं आणि एक रेघ मारली आहे. तेवढीच ती मला माहीत. माझ्यापुढे तिचं नाव काढायचं नाही असा ह्या घरात दंडक आहे. मला वाईट वाटेल म्हणे! न बोलल्याने जे वाटतं त्याचं काय?

फाल्गुन अमावास्या

आज ह्यांच्यामागे लागले — माजघराला सवणं पाडा. आमच्याकडे भोकरदनला गरिबाच्या माळवदालाही उजेडापुरतं एक भोक असतं, पावसाळ्यात त्यावर फरशी ओढली की झालं.

आत्याबाई म्हणाल्या, "गळंल ना पावसात. अन् अंधारात काय अडून राह्यलं तुमचं?"

"काल मिठाच्या मडक्यात हात घालायला गेले, विंचू असता तर?" मी म्हटलं. विंचू नव्हता. पण असता तर!

हे बराच वेळ जोंधळ्याची ताटं मोडत बसले होते. मग म्हणाले, "अलीमभाई येनारच हायत माळवदावर माती टाकायला. तवाच पाडू."

खरं कारण मी सांगितलं नाही. त्या पोरीला माझ्यामुळे काय झालं ते मला बघायचं आहे, आणि अंधारात ते दिसत नाही.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८५८

गुढी उभी केली. सोनीने कडुलिंबाचा पाला तोंड वाकडं न करता खाल्ला. अजून रोज भिंतीशी जाते, तळवे लावते, परत येते.

चैत्र शुद्ध षष्ठी

आज जे पाहिलं ते कसं लिहू!

तीर्थपुरीहून अलीमचाचा आले. माळवदं घालण्यात त्यांची हयात गेली. वर चढून माती उकरली, खालच्या काठ्या बाजूला सारल्या. आम्ही माजघरात तोंड वर करून उभ्या. "पिच्छे हटो बेटी, मिट्टी गिरती!" वरून आवाज आला. माती पडली आणि तिच्यामागून उजेड पडला. छतापासून भुईपर्यंत सरळ उभा! आत्याबाईंनी हात जोडले. मीही जोडले. जन्मभर आपण उन्हात राबतो, पण ऊन असं एकटं घरात आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उतरंडीची मडकी, कणगी, कोपऱ्यातलं जातं, सगळं जणू आजच घरात आणलं.

उन्हं कलली तसा भुईवरचा कवडसा सरकत सरकत उगवतीच्या भिंतीवर चढला. माझ्या भिंतीवर! मी ऐटीत बघायला उभी राहिले. माती वाळून तिला बारीक तडे गेले होते. एका तड्यातून काहीतरी हिरवं चमकलं. काकणाचा तुकडा.

सोनी धावली. नखांनी उकरायला लागली. एक खपली पडली, आणि हिरव्या तुकड्याभोवती डोळा दिसला. दुसरी पडली, तशी मान दिसली.

"मोर हाय," ती भिंतीला म्हणाली. "त्याच्या खाली इहीर. इहिरीपाशी आई. आईच्या कडंवर मी."

म्हणजे ती टेंगळं नव्हती.

चैत्र शुद्ध सप्तमी

आत्याबाईंनी आज दंडक मोडला. चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. दुर्गाबाईंना छातीचं दुखणं होतं. शेवटचं वर्ष रानात जाता येईना, माजघरातच पडून असायच्या. जरा बरं वाटलं की उठायच्या, माती मळायच्या, अंबाडीचे तंतू बारीक करून तिच्यात घालायच्या आणि भिंतीवर बसवायच्या.

"म्या म्हन्लं, आगं बाहीरच्या भितीवर कर, लोकं तरी बघतील. अंधारात कोन बघंल? तर म्हनली, लोकांसाठी न्हाई करून राह्यले. सोनी अंधाराला भेती. तिनं हात लावला की आई सापडली पाह्यजे."

हातानं बघायची भिंत!

मी उठून माजघरात गेले. सोनीने नखांनी मोकळा केलेला मोर उजेडात खरं तर बेढब दिसतो. मान फार जाड, पाय फार मोठे. मग डोळे मिटून तळवा ठेवला, आणि तोच मोर जिवंत झाला. सगळी चित्रं खाली, लहान पोरीचा हात पोचेल अशी, आणि मोराची मान पोरीच्या मुठीत मावेल एवढीच. बायका दारात रांगोळी काढतात ती येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावी म्हणून. मीही तशीच काढते, आणि कुणी थांबून बघितलं की फुगते. ह्या बाईने आपलं सगळं कसब अंधारात ठेवलं, एका लेकरासाठी. आणि त्यावर मी शेणाचा हात फिरवला. मला माझे हात नकोसे झाले.

अलीमचाचांनी निघताना थराला नख लावून पाहिलं. "पानी नक्को लगाव बेटी. तुम्हारी मिट्टी में रेशा नहीं, सूख के खुद निकलती. उसकी मिट्टी पक्की है."

म्हणजे माझ्या मातीत अंबाडी नाही, माझं काम कच्चं, म्हणून तिचं वाचलं. स्वतःच्या कच्चेपणाचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

चैत्र वद्य द्वितीया

कवडसा भिंतीवर असतो तेवढा वेळ आम्ही दोघी रोज बसतो. सोनी डोळे मिटून बोट ठेवते. "हितं शिंग हाय." मी बाभळीच्या काट्याने हळूच खपली उचलते. खाली शिंग असतंच! पोर एकदाही चुकली नाही. दोन वर्षांत त्या भिंतीचा कण न् कण तिच्या बोटांत उतरला आहे.

बैलांच्या गळ्यात कवड्या आहेत. विहिरीचा दोर खऱ्या अंबाडीचा, पीळ देऊन केलेला. आज दुर्गाबाई निघाल्या. पदर खोचलेला, कडेवर सोनी. तोंड केवढं ठसठशीत! टाकावरच्या दोन टिंबांनी माझी फसवणूक केली होती. नाक सोनीचंच. मी त्यांच्यापुढे हात जोडून "ताई" म्हटलं. मोठ्याने म्हटलं बहुतेक, कारण सोनीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

भिंतीवरल्या सोनीचा एक हात आईच्या गळ्यात आहे. दुसरा बाहेर पसरलेला, कुणीतरी धरावा तसा. तो कुठे जातो ते अजून माझ्या मातीखाली आहे.

चैत्र वद्य नवमी

तिथे एक तिसरी बाई निघाली.

दुर्गाबाईंएवढीच उंच. जरा वाकलेली, आणि तिने सोनीचा तो पसरलेला हात आपल्या हातात धरला आहे. काय हात केलेत! बोटं न् बोटं वेगळी, वर काकणं. पण तोंड नाही. तोंडाच्या जागी नुसती सपाट, गुळगुळीत माती. मी दगड घासला तो इथेच.

कोण असेल ही? दुर्गाबाईंची आई? बहीण? सोनीला विचारायचा धीर झाला नाही. ती त्या बाईपाशी आली की बोट मागे घेते.

चैत्र अमावास्या

ते तोंड परत करून बघावं म्हटलं. दुपारी माती मळली, तशीच उकिरड्यावर टाकून दिली. जिला कधी पाहिलं नाही तिचं तोंड मी कुठून आणू?

वैशाख शुद्ध तृतीया

अक्षय तृतीया. घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याचे नवे घडे ठेवले. दुर्गाबाईंचा मी भरला, वाळा घालून. आत्याबाईंनी भरू दिला. पान वाढून झालं आणि मला राहवेना.

"आत्याबाई, त्या भिंतीवरल्या एका बाईचं तोंड मी दगडाने घासून टाकलं. सोनीचा हात धरलाय तिचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि हसल्या! मी ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"येडी का खुळी तू. तिला तोंड नव्हतंच, पोरी."

"नव्हतं?"

"तसंच सपाट ठिवल्तं दुर्गीनं. म्या इचारलं, कामून? म्हनली, मलाच ठाव न्हाई अजून. सोनीला सांगून ठिवलंय, म्हनली." आणि घड्याशी वात सारखी करत म्हणाल्या, "म्होरलं तिला इचार. माझ्या तोंडून नगं."

कवडसा येईस्तोवर भिंतीपुढे बसून राहिले. तो त्या बाईच्या हातांवर आला, थोडा थांबला, वर गेला. गळ्यातला टाक मी इतका घट्ट धरला होता की तळव्यावर त्याचा वळ उठला. मला कळलंय असं वाटतं. पण लिहायची छाती होत नाही. सोनीलाही विचारलं नाही. हे तिनेच द्यायचं आहे.

वैशाख शुद्ध चतुर्थी

आज सोनीने आपली आपण माती मळली. अंबाडी घातली. बापाला माळवदावर धाडून सवण्यावर फरशी ओढायला लावली. माजघरात पुन्हा तोच अंधार. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि दोन्ही ओले तळवे माझ्या तोंडावर ठेवले. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. सावकाश, पुन्हा पुन्हा.

"आईनं सांगितलंय," ती म्हणाली, भिंतीला नाही, मला. "जी येईल तिचं तोंड नीट बघ अन् मंग कर."

माझे डोळे वाहायला लागले.

"हालू नको," सोनी म्हणाली. "अन् रडू बी नको. माती पातळ व्हईल."