वक्त्याचा वाटा

जिल्हा रुग्णालय, पुरुषांचा कक्ष
सवाइई बेट
३ मे

चिरंजीव लुपे हिस बापाचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येथे सर्व ठीक आहे. ऑकलंडमध्येही तसेच असावे. पत्राच्या शेवटी तू 'लवकर बरे व्हा' असे लिहिले आहेस. हे क्रियापद आज्ञार्थी आहे. जन्मभर मुख्याध्यापकी केलेल्या बापाला आज्ञा करू नये. 'लवकर बरे व्हावे' असे लिहिता आले असते. असो.

पायांविषयी विचारलेस. पाय दोन आहेत. डॉक्टरांच्या मते खुब्याचे हाड उत्तम जुळले असून मी यापूर्वीच उभे राहावयास हवे होते. डॉक्टर हुशार आहेत, परंतु त्यांना अद्याप दाढीही धड आलेली नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी घाई करणार नाही.

कर्मचाऱ्यांच्या गौरवासाठी तू आखलेली योजना येथे सुरू झाली, हे मात्र आनंदाने कळवतो. आमचा व्यवस्थापक इओपु तुमच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाहून परतला तो एक सोनेरी चौकट काखोटीला मारूनच. 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी'! चौकट नेमकी माझ्या खाटेसमोर ठोकण्यात आली. पहिला मान परिचारिका फुआतिनो हिला मिळाला. प्रशस्तिपत्राचा मसुदा इओपुने मजकडून तपासून घेतला. त्यात पुष्कळ चुका होत्या. आता एकही नाही. निवडही चुकलेली नव्हती. फुआतिनोने सुई टोचल्यावर रोगी विचारतो, "केव्हा टोचणार?" असा तिचा हात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो चौकटीवर ओला टॉवेल वाळत घातलेला.

"फुआतिनो, हा काय प्रकार?"

"राहू द्या हो सर, झाकलेलंच बरंय ते. काम सगळ्या वॉर्डानं केलं आणि भिंतीवर माझं एकटीचं थोबाड! चर्चमध्ये बाकावर कुणी सरकून जागा देईना. सासू म्हणते, 'या फोटोबाई, आज कोको तुम्ही करताय की तुमचा फोटो?'"

लुपे, टॉवेलाने मी विचलित झालो नसतो. परंतु पूर्वी या कक्षात रोग्याने हाक मारली की जो जवळ असेल तो धावे. मग तो कक्षसेवक असो, झाडूवाला असो की स्वयंपाकीण असो. आता हाक मारली की कोपऱ्यातून उत्तर येते, "बोलवा की त्या फोटोवालीला!" आणि फुआतिनोला दोनच हात आहेत. काल मला एका अत्यावश्यक भांड्यासाठी इतका वेळ तिष्ठावे लागले की तेवढ्या अवधीत मी मनातल्या मनात एक संपूर्ण भाषण रचले. त्यातील शब्द मुलीस लिहिण्याजोगे नाहीत.

शेजारच्या खाटेवर लेमेकी आहे. तुला तो आठवत असेल, खोबऱ्याचा व्यापारी. पायाची जखम भरत नाही म्हणून दाखल झाला आहे. त्याची साखर वाढलेली आहे आणि जीभ त्याहून अधिक. तो म्हणाला, "ओरडू नकोस पेनिआमिना. तुझाही फोटो लावतील. 'महिन्याचा उत्कृष्ट पडीक'!" मी त्याच्याशी बोलत नाही. सकाळपासून बोललेलो नाही.

जूनच्या मध्यापर्यंत मी उभा राहिलो नाही तर मला कायमचे ऑकलंडला नेण्यासाठी तू विमानाचे तिकीट काढले आहेस, असे तुझ्या पत्रावरून समजले. कागद संपत आल्यामुळे तो विषय या पत्रात मावत नाही. येथील स्वयंपाकीण सिएनी हिने काल नारळाच्या दुधातले गोड पाव केले होते. पाव मऊ होते, रस बेताचा होता, तथापि वरचा पापुद्रा किंचित करपला होता. तिला तसे सांगितले. तिने आज मला पाव दिला नाही.

तुझे वडील,
पेनिआमिना


२० मे

चिरंजीव लुपे हिस आशीर्वाद.

'एकाऐवजी सर्वांचाच गौरव करावा' ही तुझी सूचना इओपुने तत्काळ अमलात आणली. सर्वांना एकसारखी प्रशस्तिपत्रे वाटली गेली. प्रत्येकावर एकच वाक्य होते: 'आपल्या अमूल्य योगदानाबद्दल'. महिनाभर रजा घेऊन राजधानीत, आपियात, बसलेल्या गाडीचालकालाही ते मिळाले. नावांच्या गर्दीत लेमेकीचेही नाव घुसले. तो रोगी आहे, लुपे! त्याने तो कागद उशाशी चिकटवला असून तेव्हापासून तो मला 'सहकारी' म्हणून हाक मारतो.

सिएनी त्या कागदाने चुलीला वारा घालते. मी तिला हटकले. ती म्हणाली, "मग काय करू सर? त्यात माझ्या स्वयंपाकाचं एक अक्षर तरी आहे का? हृदयवाल्यांचं अळणी वेगळं, साखरवाल्यांचं वेगळं, तुमचं नखऱ्याचं वेगळं. हे कुणाला दिसलंय?"

तिचे म्हणणे मला पटले. 'नखऱ्याचे' हा शब्द वगळून. जी स्तुती कुणाच्याही नावावर चालते ती स्तुती नव्हे, तो टपालाचा शिक्का होय. भांडे अजूनही उशिराच येते.

व्यायाम करवून घेणारा तालोसागा रोज येतो. अंगाने रग्बीचा खेळाडू आणि स्वभावाने कोकरू. तो म्हणतो, "आजोबा, चालायचं नाही. नुसतं उभं राहायचं. मी धरतो ना!"

मी त्याला रीत समजावून सांगितली. तुलाही ठाऊक आहेच: माझ्यासारख्या गावच्या वक्त्याने छपराखाली बोलायचे ते बसून आणि खुल्या मैदानावर बोलायचे ते उभ्याने, काठी टेकून, खांद्यावर काथ्याची चवरी टाकून. रुग्णालयाला छप्पर आहे. सबब येथे उभे राहण्याचे मला काही प्रयोजन नाही.

तालोसागा बिचारा डोके खाजवत गेला. लेमेकी मात्र उशीवरून म्हणाला, "छप्पर तर तुझ्या घरालाही आहे, सहकारी. मग तिथं जाऊन का बसत नाहीस?"

हा प्रश्न अनावश्यक होता. मी कुशीवर वळलो. तुझी आई असती तर

हे वाक्य अपूर्ण आहे, हे मला दिसते. ते तसेच राहू दे.

पेनिआमिना


३० जून

चिरंजीव लुपे हिस बापाचे अनेक आशीर्वाद.

जूनच्या पहिल्या शनिवारी रुग्णालयाचा गौरवदिन झाला. तुझ्यापर्यंत बातमी पोचलीच असेल. फुआतिनोच्या हातात दूरध्वनी असताना बातमीला पत्राची गरज पडत नाही. तथापि तिच्या सांगण्यात क्रम नसतो. म्हणून मी क्रमाने लिहितो.

चौकट फसली, कागद फसले. मग इओपुला वाटले की आपल्या रीतीने काही करावे. त्याने एक थोरले डुक्कर आणवले. सिएनी आणि तिच्या मंडळींनी ते पहाटेपासून तापल्या दगडांवर भाजले. अंगाला असा रंग आला होता की डॉक्टरसुद्धा दोनदा येऊन त्याची प्रकृती पाहून गेले. रुग्णालयापुढच्या हिरवळीवर चटया अंथरल्या. रोग्यांना बाहेर आणले. मला चाकांच्या खुर्चीत बसवून फुआतिनोने माझी चवरी माझ्या खांद्यावर टाकली. "शोभेला असू द्या सर," असे ती म्हणाली. शोभेला!

प्रार्थना झाली. नंतर इओपु पुढे आला. त्याच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात, लुपे, हे लिहिताना मला आजही घाम फुटतो, मोजपट्टी होती.

"आधी फोटोवरून भांडलात, मग कागदावरून रुसलात," तो म्हणाला. "आता कुणाची तक्रार नको. सगळ्यांना अगदी सारखे तुकडे. मापून!"

आणि त्याने पट्टी डुकराच्या पाठीवर आडवी ठेवली.

"अरे, ते डुक्कर आहे की केक?" सिएनी ओरडली.

"सारखं म्हणजे सारखं, मावशी!"

"सारखं? मी अंधारापासून धुरात बसलेय आणि तो गाडीवाला आपियाहून मासे खाऊन आलाय!"

"माझं नाव कशाला मध्ये घेता?" गाडीचालक म्हणाला. कक्षसेवक हसले. फुआतिनो त्यांच्यावर डाफरली. एवढ्यात सुरीचे टोक पाठीला लागले.

"थांब!"

हा आवाज माझा होता. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बसची वाट पाहणारी माणसे वळून पाहू लागली, असे नंतर समजले.

"इओपु, सुरी खाली ठेव. असे तुकडे शत्रूच्या डुकराचेही कुणी करत नाही. डुकराला अवयव असतात आणि प्रत्येक अवयवाला धनी असतो. सर्वांना सारखे देणे म्हणजे कुणी काय केले ते आम्ही पाहिलेच नाही, असे चारचौघांत सांगणे."

"मग तुम्हीच सांगा ना सर, कुणाला काय द्यायचं ते!"

"सांगतो."

तेव्हा लेमेकी आपल्या खुर्चीतून किंचाळला, "अरे देवा! हा उभा आहे!"

मी खाली पाहिले. खरोखरच मी उभा होतो. पाठीमागे तालोसागा दोन्ही हात पसरून, मला न शिवता, श्वास रोखून उभा होता. बसावे असे मनात आले. परंतु वर छप्पर नव्हते आणि सगळे मैदान माझ्याकडे पाहत होते. खुल्या मैदानावर वक्ता भाषण अर्धवट टाकून बसत नाही.

मी वाटे पुकारले. डोके धुरात बसणाऱ्यांचे, म्हणजे सिएनीचे आणि तिच्या चुलीचे. या वॉर्डात कुणाच्या पोटाला काय चालत नाही, ते त्यांच्या ध्यानात असते. खांदे कक्षसेवकांचे, आमची वजने रोज त्यांच्याच खांद्यांवर असतात. पोटाचा भाग रीतीने गावच्या मानाच्या कन्येचा, म्हणून तो फुआतिनोचा आणि सर्व परिचारिकांचा. फरशी धुणाऱ्यांना मान दिली, कारण ती दिवसभर वाकलेली असते. बरगड्या डॉक्टरांना दिल्या. "वयाने लहान, परंतु हाड नीट जोडतात," असे मी जाहीर केले आणि त्यांचे कान लाल झाले. गाडीचालकाला शेपूट दिले. तो स्वतःच सर्वांत मोठ्याने हसला.

उरला पाठीचा भाग, तो प्रमुखाचा. इओपुने सदऱ्याची कॉलर नीट केली.

"या घरचा प्रमुख रोगी आहे," मी म्हणालो. "पाठ आमची."

"बरोबर!" लेमेकी गरजला.

"लेमेकी आजोबांना दोनच घास," फुआतिनो म्हणाली.

"आणि मला?" इओपुने हळूच विचारले.

"जो जेवण घालतो तो शेवटी जेवतो. याहून मोठा मान नाही."

त्याने मान डोलावली, परंतु त्याचे तोंड इतके उतरले होते की सिएनीने आपल्या वाट्यातला कान काढून त्याला दिला. मग ज्याने त्याने आपल्यातला तुकडा दुसऱ्याला देण्याची एकच धांदल उडाली. महिनाभर एकमेकांच्या वाट्याची भांडी न उचलणारी ती माणसे एकमेकांच्या तोंडात घास कोंबत होती.

मी बसणार तोच तालोसागा केळीच्या पानावर मागची तंगडी घेऊन समोर आला. पुकारताना ती मी विसरलो होतो.

"आजोबा, पाय वक्त्याचा असतो ना? रीतच आहे," तो म्हणाला. "आणि या पायासाठी मी महिनाभर झुरलोय."

धुरामुळे माझ्या डोळ्यांना पाणी आले. भट्टी विझलेली होती, असे फुआतिनोने तुला सांगितले असल्यास ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे.

आता जे दोन पत्रांत मावले नाही ते लिहितो. घराच्या पायरीवर पडलो त्या दुपारी मी हाका मारल्या. माझा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तो कुणीही ऐकला नाही. पाववाल्याची गाडी संध्याकाळी आली नसती तर मी तिथेच राहिलो असतो. मला उभे राहण्याचे भय नव्हते, लुपे. उभा राहिलो की घरी पाठवतील आणि तिथे पुन्हा हाक मारावी लागली तर, याचे होते. येथे निदान भांड्यासाठी हाक मारली तर कुणीतरी कुणावर तरी ढकलते, म्हणजे ऐकते.

हे सर्व मी दुसऱ्याच दिवशी, रविवारी, फुआतिनोला सांगून बसलो. सोमवारी डॉक्टरांनी मला घरी सोडले. मंगळवारी सकाळी कर्मचाऱ्यांना नेणारी रुग्णालयाची गाडी माझ्या दारापुढे थांबली आणि चालकाने भोंगा वाजवला. गाडीतून पंधरा तोंडे बाहेर आली.

"सर, उभ्यानं ओरडायचं!" फुआतिनो म्हणाली. "आवाज आला नाही तर सगळे खाली उतरू. मग कामाला उशीर आणि दोष तुमचा!"

मी ओरडलो. आता हे रोज घडते. चालकाला भोंगा वाजवण्याचे तारतम्य नाही, परंतु तो वेळ चुकवत नाही. शेपटाचा परिणाम असावा. लेमेकीही पुढच्या आठवड्यात सुटणार असून, माझे छप्पर गळते की नाही हे पाहण्यासाठी काही दिवस राहायला येणार आहे. मी त्याला बोलावलेले नाही. त्याची चटई मात्र उन्हात टाकली आहे.

तुझ्या योजनेत दोष नव्हता. तिच्यात डुक्कर नव्हते, एवढेच. सोनेरी चौकटीत आता इओपुने डुकराचे चित्र लावले आहे. दर महिन्याला सर्वजण जमून कोणता भाग कुणाचा ते ठरवतात आणि कशासाठी तेही त्याखाली लिहितात. परवा एका पाहुण्याने विचारले, "हा शस्त्रक्रियेचा तक्ता आहे का?" शुद्धलेखन मी दर शुक्रवारी जाऊन तपासतो. चालत जातो. भांडे हाकेसरशी येते, असे तेथील रोगी सांगतात.

तुझ्या तिकिटाविषयी. ते रद्द करू नकोस, फक्त त्याची दिशा उलटी करून घे. घरच्या मुलीचा वाटा पोटाचा असतो आणि भाजलेले डुक्कर टपालाने टिकत नाही. तेव्हा ये. हे आज्ञार्थी आहे आणि तसेच वाचावे.

हे पत्र दाराशी, खांबाला टेकून, उभ्याने लिहिले आहे. अक्षर हलले असल्यास समजून घे.

तुझी वाट पाहणारा,
बाबा