पेटीचं घर

चौल
१६ जानेवारी

चि. हर्षद यास,
अ. उ. आ.

तुझ्या माणसांनी काल आमच्या घराला पेटी बसवली. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आली म्हणून त्यांना तिळगूळ दिला, पण भिंतीला भोकं पाडताना तुझ्या भावजींची जी घालमेल चालली होती ती बघून कुणाला गोड बोलवेना. आता पाठच्या भिंतीवर, वाशांच्या खाली पांढरी पेटी आहे, कौलांवर छोटं सोलर आहे आणि हिरवा दिवा लुकलुकतो. आज शुक्रवार, म्हणून मी पेटीला हळदकुंकू लावलं. हसू नकोस.

देवळाच्या ओट्यावर चिठ्ठ्या मीच काढल्या. जिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे अशा बाईच्या हाताने काढू, असं तुझे सर म्हणाले. अंगणवाडीत जन्म गेला त्याचा एवढा उपयोग झाला. निम्म्या घरांना पट्टा, निम्म्यांना पेटी, आणि माझ्या हाताने मला पेटी आली. शेजारची आवडाबाई तेव्हापासून फुगून बसली आहे. तिच्या घराला पट्टा आला. म्हणजे भिंतींच्या डोक्यावरून काँक्रीट फिरवलं, वासे लोखंडाने त्याला जखडले आणि वरून गिलावा केला. घर दिसायला होतं तसंच, वर सगळीकडे धूळ. त्यात सिमेंटात भाताच्या तुसाची राख कालवताना तिने पाहिलं. राखेनं भांडी घासतात, घर बांधत न्हाय, असं ती वाडीभर सांगत फिरते. तुज्या घरात सरकार हाय, माज्या घरात राख हाय, असं म्हणून माझ्याकडून चार लाडू जास्त घेऊन गेली.

फोन करू का विचारलंस. मला हल्ली फोनवर काही ऐकू येत नाही. वाडीतला दयाराम त्याच्या फोनवर तुझं बोलणं ऐकून माझ्या कानाशी ओरडतो आणि माझ्याआधी सगळ्या वाडीला कळतं. तेव्हा पत्रच लिही. लोभ आहेच, तो दोन ओळींत का होईना, दिसू दे.

तुझी ताई
सगुणा

पुणे
३० जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालीस, पण हसलो. दयारामने हळदकुंकवाचा फोटो पाठवला होता तो सरांना दाखवला, तेही हसले. आपला हात जगन्नाथ म्हणतात, तुझ्या हाताने मात्र पट्टा शेजारणीला दिला!

आवडाबाईंना सांग, राखेला नावं ठेवू नका. तुसाची राख घातलेलं काँक्रीट खाऱ्या हवेत जास्त टिकतं आणि सिमेंटही कमी लागतं. हेच तपासायला सरकारने आम्हाला पैसे दिले आहेत. त्यांच्या पट्ट्यातही यंत्रं आहेत, फक्त ती गिलाव्याखाली पुरलेली आहेत. त्या घरांचं काम झालं आहे आणि तुमच्या घरांचं निरीक्षण आहे, हे मी सभेत सांगितलं होतंच.

निसर्ग वादळानंतर आलो होतो तेव्हा आपली वाडी आडवी झालेली पाहिली आणि तू पडवीत छत्री उघडून भात शिजवत होतीस. तेव्हापासून मनात होतं की शिकलो त्याचा उपयोग आपल्या गावाला व्हावा. नोकरी कंत्राटाची असली तरी या कामाचा मला अभिमान वाटतो, तुझ्यापाशी बोलायला हरकत नाही. भावजींना नमस्कार. त्यांच्या भिंतीची भोकं मी येऊन बुजवीन, तोवर माझ्यावरचा राग पेटीवर काढू नये.

तुझा
हर्षद

चौल
९ एप्रिल

चि. हर्षद यास,
अ. उ. आ.

पाठच्या भिंतीला कोपऱ्यापासून भेग गेली आहे. ह्यांनी लगेच सिमेंट कालवून ती भरली. दोन दिवसांनी तुमच्या ऑफिसातली प्रणाली नोंदी घ्यायला आली, भली पोर आहे, पण भेग बघून तिचा चेहरा उतरला. भेग भरायची नाही, नाहीतर पेटीचा हिशोब चुकेल, असं म्हणाली. झालं. सरकारी कामात आपल्यामुळे चूक नको म्हणून ह्यांनी छिन्नी घेऊन सगळं सिमेंट पुन्हा कोरून काढलं. आता भेगेतून पलीकडची जास्वंद दिसते.

एक विचारते. अंगणवाडीत आम्ही मूल काट्यावर घालायचो, वजन कमी भरलं की त्याला जास्तीचा आहार सुरू व्हायचा. वजन त्यासाठीच घेत होतो. नुसतं लिहून ठेवायला कोण मूल काट्यावर घालतं? तशी तुमची पेटी भिंत जोखते आहे, भिंत कमी भरली आहे हे तिला कळलं असेल. मग आहार कधी येणार? घाई नाही, पण पावसाच्या आधी आलेला बरा.

आवडाबाईचा रुसवा गेला. रोज संध्याकाळी येऊन पेटीखाली बसते आणि हिरवा दिवा बघत भाजी निवडते. तिथे जिवाला बरं वाटतं म्हणते. आमची सोनल माणगावहून पाडव्याला माहेरी आली होती, मामाला विचारलं आहे. तुझी वाट बघणाऱ्यांत आता भिंतही आहे असं समज.

तुझी ताई
सगुणा

पुणे
२७ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन सरांकडे गेलो. सर वाईट नाहीत, त्यांनी ते दोनदा वाचलं. पण त्यांचं म्हणणं असं, की पेटीच्या एका घराला हात लावला तर तुलना मोडते. पट्टा नसलेलं घर वाऱ्यात कसं वागतं हे दाखवता आलं नाही, तर पट्ट्याने घर वाचलं हे मंत्रालयात कुणी मानणार नाही आणि बाकीच्या गावांना पैसे मिळणार नाहीत. पावसाळा संपला की पेटीच्या सगळ्या घरांना पट्टा घालायचा हे आधीच ठरलं आहे. एवढा एक पावसाळा.

मी वाद घातला. फार घातला नाही, हेही खरं.

तुमची पाठची भिंत खाडीच्या वाऱ्याला इतर घरांपेक्षा जास्त हलते, असं पेटी सांगते आहे. तेव्हा माझं ऐक. पावसाळाभर तू आणि भावजी माणगावला सोनलकडे जा. नातवंडांना शिस्त लावायला तुला हवीच असेल संधी. जाशील ना? कळव. लोभ ठेव आणि या वेळेस हट्ट ठेवू नको.

तुझा
हर्षद

चौल
८ मे

चि. हर्षद यास,
अ. उ. आ.

नाही जमायचं. निसर्ग वादळानंतर लावलेल्या सुपारीला यंदा पहिल्यांदा फळ धरलं आहे. ह्यांनी तिला तान्ह्या मुलासारखं पाणी पाजलं आहे, आता ऐन वेळेला टाकून जा म्हणून मी सांगायचं का? लेकीच्या घरी चार दिवस पाहुणचार बरा, चार महिने नाही.

आणि भिंत हलते हे पेटीला कळलं आहे म्हणतोस, मग काळजी कसली? ज्याच्यावर सरकारचा डोळा आहे त्याला ते पडू कसं देईल? वाडीतही तसंच ठरलं आहे. वारा उठला तर जवळपासच्या सगळ्यांनी आमच्या घरी यायचं, आवडाबाईनेच सांगितलं सगळ्यांना. मी हो म्हटलं. अंगणवाडीच्या दारातून कुणाला परत पाठवलं नाही, घराच्या दारातून कशी पाठवू?

पत्र लहान आहे, आंबोशी घालायची आहे. माया लहान नाही.

तुझी ताई
सगुणा

पुणे
२६ मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दौऱ्यावर होतो, तुझं पत्र आज वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

ताई, नीट वाच. पेटी घर धरून ठेवत नाही. घर कसं हलतं आणि पडलं तर कसं पडतं, एवढंच ती लिहून घेते. तिच्यामुळे तुमची भिंत एका विटेनेही मजबूत झालेली नाही. वाडीत मजबूत घर आहे ते आवडाबाईंचं. वारा उठला तर सगळ्यांनी त्यांच्याकडे जायचं, तुमच्याकडे कुणी यायचं नाही.

हे मी जानेवारीतच इतकं सरळ लिहायला हवं होतं. सभेत निरीक्षण म्हणालो, सगळ्यांनी माना हलवल्या आणि मी पुढे गेलो. तुला पेटीचा एवढा आनंद झाला होता, तो मोडवेना. आणि पेटीची घरं मध्येच बाहेर पडली तर काम थांबेल, ही भीतीही होती.

दयाराम बोटीवर असावा, फोन लागत नाही. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो. पाऊस अजून लांब आहे. येत्या आठवड्यात मी स्वतः येतो आणि देवळाच्या ओट्यावर उभा राहून सगळ्यांना सांगतो. तोवर तू सांग. एवढं ऐकलंस तर पुढे जन्मभर तुझं ऐकेन.

तुझा
हर्षद

चौल
६ जून

चि. हर्षद यास,
आशीर्वाद.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र पोस्टमनने आज आणून दिलं. पोस्टाचे पत्रे उडाल्यामुळे उशीर झाला म्हणाला. त्याचा दोष नाही.

बाकी तुला सोनलने फोनवर सांगितलंच आहे, तरी माझ्या हाताने लिहिते. वादळ गुजरातकडे जाणार असं आदल्या दिवसापर्यंत सगळे सांगत होते. अठ्ठावीस तारखेला दुपारी वारा फिरला. किनाऱ्यावरच्यांना शाळेत नेलं, आमची घरं नारळीपोफळीच्या वाड्यांच्या आत म्हणून आम्हाला कुणी हलवलं नाही. शेजारची माणसं ठरल्याप्रमाणे आमच्याकडे आली. आवडाबाई सगळ्यांत आधी आली, तिने तिच्या घराला कुलूप लावलं आणि कोंबड्यांची टोपली घेऊन आली. सगळे पेटीखाली बसले, पाठच्या भिंतीला पाठ लावून. मीच चटई घातली त्यांना तिथे.

मी पुढच्या चुलीपाशी चहा ठेवत होते. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. लोक म्हणतात केवढा तरी आवाज झाला. मी फक्त पाहिलं. भिंत आत झुकली तेव्हा त्या पेटीचा हिरवा दिवा लुकलुकतच होता. माणसं उठून पडवीत धावली. आवडाबाई टोपली उचलायला वाकली. हे तिला ओढायला गेले.

ती जागीच गेली. ह्यांच्या मांडीवर वासा पडला, अलिबागला इस्पितळात आहेत. पाय राहिला, पण सुपारीवर आता चढणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिचं घर उघडलं. चावी तिच्या कनवटीलाच होती. एक कौल सरकलं नव्हतं, हर्षद. ताटाखाली झाकून ठेवलेली भाकरीसुद्धा कोरडी होती.

तू लिहिलंस ते सगळं मला समजलं. अगदी सरळ लिहिलं आहेस. असं सरळ लिहिता येतं तुला, हे मला ठाऊक होतं.

सगुणा

पुणे
१५ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

भावजींना भेटायला अलिबागला आलो होतो, त्यांनी माझा हात धरला आणि पेटी सापडली का, हेच विचारलं. तुझ्यासमोर यायचं धैर्य झालं नाही, तिथूनच परतलो.

पेटी ढिगाऱ्यात सापडली. तिने शेवटपर्यंत लिहिलं आहे. सर म्हणतात इतक्या स्पष्ट नोंदी कुठेच नाहीत, याच्या जोरावर सगळ्या किनाऱ्याला पट्ट्याची योजना मिळेल. राहिलेल्या पेटीच्या घरांना ताबडतोब पट्टा घालायलाही मंजुरी आली आहे. बैल गेला आणि झोपा केला.

मला हे बरं वाटतं आणि बरं वाटल्याची लाज वाटते. मी येऊ का? नको म्हणालीस तर मी समजेन.

हर्षद

चौल
३ जुलै

चि. हर्षद यास,
अ. उ. आ.

येऊ का विचारतोस. ये. पण माझ्याकडे नंतर, आधी देवळाच्या ओट्यावर जा. तिथे सगळ्यांना बोलव आणि मला लिहिलंस तेच मोठ्याने सांग, की पेटी घर धरत नाही. आवडाबाईच्या रघूसमोर सांग, तो मुंबईहून आईच्या दिवसांना आला तो अजून इथेच आहे. लोक तुला बोलतील, ते ऐकून घे. चिठ्ठी मी काढली होती आणि चटई मी घातली होती, म्हणून मीही तुझ्या शेजारी उभी राहीन. पण सांगायचं तुलाच आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, तुला ते इथे येऊनच कळेल.

आणि तुझ्या सरांना माझा निरोप दे. योजना जरूर करा. पण पुढच्या गावात काटा लावाल त्याच दिवशी आहारही घेऊन जा. कमी भरलेलं मूल आम्ही पावसाळाभर नुसतं बघत बसलो असतो, तर तुम्हीच आम्हाला तुरुंगात घातलं असतंत.

ह्यांना घरी आणलं. आमचं घर राहण्यासारखं नाही, तेव्हा रघूने चावी माझ्या हातात दिली आणि तुम्ही आईच्या घरात राहा म्हणाला. हे पत्र तिथूनच लिहिते आहे. कोंबड्या वाचल्या, त्याही परत इथेच आल्या.

काल पुन्हा जोराचा वारा होता. हे सारखे वर बघत होते. मी म्हटलं, निजा, डोक्यावर पट्टा आहे. मग मीही वर पाहिलं. गिलावा आहे, चुना आहे, पट्टा कुठे दिसत नाही. तिलाही दिसला नव्हता.

ये. आशीर्वाद मागे घेता येत नाहीत, तेव्हा ते आहेतच.

तुझी ताई
सगुणा