चटणीची जागा

मंगळवार, संध्याकाळ

आज नववीला एराटोस्थेनिस शिकवला. काठीच्या सावलीवरून या ग्रीक माणसाने पृथ्वीचा घेर काढला, हे सांगताना नेहमीसारखी रंगत आली. मग एका पोरीने विचारलं, "सर, पण त्यो मेला कसा?" मी म्हणालो, "म्हातारपणाने." खोटं बोललो. त्याची नजर गेली आणि त्याने अन्न सोडलं, असं सांगतात. का लपवलं मी? काचबिंदूचा कागद आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय. डावीकडचं दिसत नाही, आणि गेलेलं परत येणार नाही म्हणे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं?

घरी आलो तर भूकच नव्हती. ताट समोर तसंच. तोही असाच बसला असेल?

सुमन म्हणाली, "जेवा की. भाकरी गार व्हायलीय."

भाकरीकडे हात नेला आणि थांबलो. लग्न झाल्यापासून ती शेंगाचटणी ताटात डावीकडे वाढते. सगळेच वाढतात. आज चटणी उजवीकडे होती, भाजीच्या शेजारी.

तिला कधी कळलं? दोन भाकरी खाल्ल्या. चटणी संपली तशी तिने परत वाढली. उजवीकडेच.