परसातल्या आवळ्याचा चुकीचा दाखला

मी, कुंजीलाल राहांगडाले, वय एकोणऐंशी, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार मुंडीपार, जि. गोंदिया, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अकरा वर्षांपूर्वी ते ठिकाणावर नव्हते, तेव्हा कोणी दाखला मागितला नाही.

१. धानाची दीड एकर बांधी धाकटा भाऊ जागेश्वर याला. माझी मुलगी रविता हिच्या लग्नाच्या वेळी त्याने मला भरीस घातले हे खरे, पण तोंड माझेच होते.

२. सूक्ष्मदर्शक गावच्या शाळेला. कुलपात ठेवू नये.

३. घर, परसासह, माझी एकुलती एक मुलगी रविता हिला. कारण नोंदवणे भाग आहे. परसात मी लावलेला आवळा दरवर्षी फुलतो, पण फळ धरत नाही. त्याचे फूल आपल्याच झाडाचा पराग ओळखते आणि नाकारते. त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. मी अख्खा वर्ग परसात आणून हे शिकवीत असे.

रविताने ओमेश्वरशी लग्न ठरवले तेव्हा मी हाच दाखला दिला. तोही राहांगडाले, आणि आम्हा पोवारांत एका कुळात सोयरीक करीत नाहीत. दोन्ही घरांत सात पिढ्या नाते सापडत नव्हते. तरी मी म्हणालो, "झाडाले समजते, तुले काऊन समजत नाही?"

"बाबूजी, झाड पराग पाहते जी, आडनाव नाही इचारत."

उत्तर बरोबर होते. वर्गात मी पाठ थोपटली असती. घरात म्हणालो, "तू मले मेली."

माझी पत्नी शांतीबाई वारली तेव्हाही मी रविताला आत येऊ दिले नाही. शेजारच्या जमुनाबाईंच्या ओसरीवरून तिने आईला पाहिले. त्याला चार वर्षे झाली. मी एकटाच रांधतो, एकटाच जेवतो, आणि मला फार एकटे वाटते.

४. आवळा तोडू नये. जवळ वेगळ्या जातीचे कलम लावावे. मला केव्हाही लावता आले असते, पण शिकवायला मला तो वांझच हवा होता.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. तरी याची नक्कल साक्षीदार उदाराम यांनी उद्याच तिरोड्याला नेऊन रविताच्या हाती द्यावी. माझी जायची हिंमत होत नाही. ती आली नाही तरी घर तिचेच. पण माफी कागदावर मागून भागत नाही, ती मला तिच्यासमोर बसून मागायची आहे.

(सही) कुंजीलाल राहांगडाले

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. उदाराम बोपचे (सही)
२. जमुनाबाई पटले (अंगठा)

मुंडीपार, दि. ६ एप्रिल २०२५