शमीमच्या बाहुलीचा डावा डोळा

७ मे १९७४, पिंपरी

माझ्या हातून एका बाहुलीचा चेहरा उसवला गेला आहे आणि ते कुणाला सांगण्याची सोय नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या खातूनबीने माहेरी निघोज्याला जाताना लेकीची चिंध्यांची बाहुली माझ्याकडे दिली. "काकू, हात निकल गया, तेवढा टाका घाला. रविवारी शमीमच्या गुड्डीचं लगीन हाय." नवरा मुलगा म्हणजे समोरच्या सुमेधाचा बाहुला. मुलींनी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम करून, चुरमुरे खाऊन पसंती दिलेली.

हात म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण चेहरा! डावा डोळा कपाळाकडे चढलेला, तोंड कानाकडे पळालेलं. महिला मंडळात बाहुल्यांचा वर्ग चालवणाऱ्या बाईला हे बघवेल का? मी फक्त डोळा काढत होते. दोरा सलग निघाला. तोंडही आलं.

८ मे

नवा चेहरा भरला. भुवया, पापण्या, नाक (पूर्वी नव्हतंच). उत्तम. शमीम नाचेल. हात उद्या.

संध्याकाळी. ह्यांना दाखवली. हे कंपनीत इन्स्पेक्शनला. म्हणाले, "मुलाकडच्यांनी पास केलेला माल तू उघडलास?" मी म्हटलं, बाहुलीला माल म्हणू नये. जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

९ मे

खातूनबीचा नवरा चांदभाई नळावर भेटला. गॅरेजला निघाला होता. "काकू, गुड्डी झाली का? पोरगी निघोज्यातनं निरोपावर निरोप पाठवती." मी "झाली" म्हटलं. खोटं नव्हे. हात सोडून झालीच आहे. तरी त्याने सलाम केला तेव्हा माझी मान वर होईना. बाजारातून येताना त्याचं गॅरेज टाळून आले. तेवढंच चालणं होतं.

निश्चय: चेहरा पूर्ववत करायचा. वाकडं भरणं सरळ भरण्यापेक्षा सोपंच असणार.

१० मे

मोजपट्टी लावून डावा डोळा वर घेतला. तोंड पेन्सिलीने आखून तिरकं. हे म्हणाले, "ही आता तुझ्यासारखी बघते. वर्गात कुणी बोललं की तू बघतेस तशी." उसवलं. पुन्हा भरलं. आता प्यायलेली दिसते. उसवलं. गालाचं कापड विरत चाललं आहे.

दोष दोऱ्याचा.

११ मे

पुन्हा सरळ चेहराच भरला. सुंदर दिसण्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खातूनबीने तो डोळा भरला तेव्हा शमीम तिच्या मांडीवर लोळत असणार. सुई ढकलली गेली असेल. हा विचार करायचा नाही, असं ठरवलं. दिवसभर तोच केला.

हात उद्या सकाळी, पहिलं काम.

१२ मे, रविवार

सकाळ नवरीला शालू नेसवण्यात गेली. पदराखाली हात झाकला जातो.

सुमेधाच्या व्हरांड्यात मांडव. खातूनबी आणि शमीम निघोज्याहून थेट तिथेच आल्या. शमीमने पदर सारला. "ये मेरी नहीं." सुमेधा वरमाय, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आम्ही पाहिलेली मुलगी ही नाही! दाखवली एक, आणली एक. वरात परत!" बाकीच्या मुली "फसवलं, फसवलं" ओरडू लागल्या. शमीम बाहुलीला न शिवता आईच्या मागे जाऊन उभी राहिली. ओठ आवळलेले. खातूनबी एवढंच म्हणाली, "जाने दो, काकू." भांडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, वधूपक्षाचा दोष नाही, हे मी केलं. तिथेच बसकण मारून चेहरा उसवला. पट्टी घरी, चष्मा घरी. शमीम हळूहळू जवळ आली, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून रेलली. "और ऊपर, काकू. और." प्रत्येक शब्दाला सुई हलत होती. हलू दिली. डोळा कपाळाला गेला, तोंड भलतीकडेच.

वरमायेने उलटसुलट करून बघितलं. "तीच नाही. तिची बहीण वाटते. चालेल."

शमीम हसली. आनंदाने तिने नवरीला हाताला धरून उचललं. नवरी खाली पडली. हात शमीमच्या मुठीत राहिला.

खातूनबीच्या स्वाधीन केलं: बाहुली एक. डोळे दोन, सारखे नाहीत. हात, एक जागेवर, एक सुटा. तिने सुईदोरा मागितला. तोही दिला.