खरखर

४ नोव्हेंबर
तालीम. माझा गिटारचा सोलो चालू असताना अ‍ॅम्पमधून खरखर. तापलेल्या कढईत पाणी पडावं तशी. मेहुणा गाता गाता थांबला. म्हणाला, भावोजी, वीस तारखेला हॉल भरलेला असणार, तिथे हे असलं चालायचं नाही. सोळाच्या तालमीपर्यंत नीट झालं नाही तर सोलो काढून टाकू.
दोन मिनिटांचा सोलो आहे. त्यासाठी या बँडमध्ये अकरा वर्षं मागे उभा राहून नुसत्या तारा छेडल्या. निघणार नाही.

५ नोव्हेंबर
अ‍ॅम्पची मागची जाळी काढली. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले दिवे. दोन मोठे, तीन छोटे. याविषयी भरपूर वाचलं आहे. खरखर छोट्यांपैकीच एकाची असणार. दुरुस्तीवाल्याकडे न्यायची गरज नाही. हे लोक साध्या गोष्टीचा बाऊ करतात.
नियम: एका वेळी एकच व्हॉल्व्ह काढायचा. तपासायचा. जागेवर लावायचा. मगच पुढचा.

६ नोव्हेंबर
पाचही काढले. धूळ फार होती.
ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले. काचेवरची छापील अक्षरं फडक्यावर आली. तिन्ही छोटे आता अगदी सारखे दिसतात. कुठला कुठून काढला ते आठवेल. बायको म्हणाली, तुला बाथरूममधला स्वतःचा ब्रश ओळखता येत नाही. विषयांतर करण्याची तिला सवय आहे.

७ नोव्हेंबर
दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, एकच नवीन घ्या साहेब, तो तिन्ही जागी आलटून पालटून लावा. ज्या जागी लावल्यावर आवाज थांबेल तिथला जुना खराब.
त्याच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे नऊ दिवस. तीन घेतले.

८ नोव्हेंबर, दुपारी ४
तिन्ही नवे लावले. खरखर पूर्ण बंद. पहिल्याच प्रयत्नात!

४.१०
गिटारचा आवाजही पूर्ण बंद.

५.३०
एक व्हॉल्व्ह नीट बसला नव्हता. दाबला. गिटार आली. खरखरही आली. म्हणजे नव्यांपैकीच एक खराब निघाला, किंवा खरखर मोठ्यांची. किंवा वीजपुरवठा. देशात कशाचाच दर्जा राहिलेला नाही.
नवे काढून जुने लावायचं ठरवलं. तत्पूर्वी टेबल आवरलं.

९ नोव्हेंबर
एक अडचण. काल आवरताना नवेही पुसले. सवयीने.
सहा छोटे व्हॉल्व्ह. सहाही कोरे. बायकोने ते अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले आहेत. म्हणाली, निदान घरंगळणार तरी नाहीत. नवा कुठला विचारू नकोस, मी पुसलेले नाहीत.

११ नोव्हेंबर
शास्त्रीय पद्धत सुरू. अ‍ॅम्प चालू ठेवून प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हळूच टिचकी मारायची. खराब असेल तो स्पीकरमधून घणघणतो.
सगळे घणघणले. आवाज पूर्ण वाढवलेला होता हे नंतर लक्षात आलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. काही हवं आहे का, असं विचारत होते. त्यांना वाटलं आम्ही दार वाजवतोय.

१२ नोव्हेंबर
सहा व्हॉल्व्ह, तीन जागा. एकूण एकशे वीस प्रकारे लावता येतात. वहीत तक्ता आखला. पट्टी वापरून, दोन रंगांत. रोज तीस. चार दिवसांत काम फत्ते.
आज तीन झाले. बोट भाजलं. तापलेला व्हॉल्व्ह लगेच काढू नये हे माहीत होतं.

१३ नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. ऐंशी टक्के झालंय म्हणालो. तो म्हणाला, भावोजी, ऐंशी टक्के झालंय म्हणजे वाजतोय का? असे प्रश्न विचारणाऱ्यांना तांत्रिक काम समजावणं कठीण.
फोन बायकोने घेतला. तिने काय सांगितलं कळलं नाही. बराच वेळ हसत होती.

१५ नोव्हेंबर
दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आलो. केवळ माझं निदान पडताळून पाहायला.
त्याने सहाही छोटे एकेक करून तपासणी यंत्रावर लावले. दहा मिनिटं. पाच चांगले, एक खराब. पाचांतले तीन घट्ट बसवले; नवे लावल्यावरची खरखर ते सैल बसल्यामुळे होती, म्हणाला. खरखर गेली. एक खराब असणार हे मी पाच तारखेलाच लिहिलं आहे.
नावं कोणी पुसली, असं त्याने विचारलं. आधीच्या मालकाने, म्हणालो. तो म्हणाला, लोकांना हात शिवशिवतात हो. मी मान डोलावली.

१६ नोव्हेंबर
तालीम. अ‍ॅम्प काचेसारखा स्वच्छ. प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. सोलो पूर्ण वाजवला.
मग ड्रमवाला म्हणाला, परत एकदा वाजवा. वाजवला. तो म्हणाला, पहिल्या वेळी मला वाटलं चुकून झालं.
मेहुणा जमिनीकडे बघत होता. म्हणाला, भावोजी, इतके दिवस त्या खरखरीत मला वाटायचं की तुम्ही बरोबर वाजवताय.
खोलीत आवाज घुमतो. भिंती नागड्या आहेत.

१७ नोव्हेंबर
विचार केला. फार स्वच्छ आवाज संगीताला मारक असतो. थोडी ऊब हवी. तो सहावा व्हॉल्व्ह तितका खराब नसावा.
दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तो कालच फोडून टाकला, चुकून कोणी परत लावू नये म्हणून. खराबच हवाय का, असं विचारून माझ्याकडे पाहत राहिला. संग्रहासाठी, म्हणालो.

१८ नोव्हेंबर
रोज सहा तास सराव करायचं ठरलं. आज पंचवीस मिनिटं झाली. भाजलेलं बोट तारेला लावता येत नाही. डावं आहे. बायको म्हणाली, आणि बाकीची नऊ?
रात्री मेहुणा स्वतः घरी आला. खुर्ची पुढे ओढून बसला. सोलोच्या जागी तो शीळ घालणार आहे. म्हणाला, भावोजी, तुम्ही मात्र स्टेजवर हवेतच. अ‍ॅम्प छान दिसतो, व्हॉल्व्ह लाल होतात. गिटारच्या आवाजाचं बटण तेवढं शून्यावर ठेवा.
जाताना पायात चपला घालत म्हणाला, राग मानू नका. मानला नाही. त्याला पाणी दिलं.

२० नोव्हेंबर
हॉल भरला होता. दोन्ही मिनिटं गिटार धरून सरळ उभा राहिलो. बायको पहिल्या रांगेत.
शिळेला वन्स मोअर मिळाला. दुसऱ्यांदाही उभा राहिलो.